सुरंगीच्या तेलात बांगडा

अक्षयाच्या वाढदिवसाला माझ्या पोरीवर अत्तर मारलं. मारलं म्हणजे मारलंच.

माझी मुलगी दिशा चौथीत आहे. अक्षया तिच्याच वर्गातली. मारुती मंदिराच्या वरच्या अंगाला त्यांचा बंगला आहे, पण वाढदिवस हॉलमध्ये होता, कारण बंगल्यात चिकट हातांची पोरं कोण घेणार. तिथे ॲप्रन बांधलेली एक ताई बोलावली होती. टेबलावर बाटल्या, ड्रॉपर, फुलांचे फोटो. प्रत्येक पोराने आपापलं परफ्यूम बनवायचं आणि घरी न्यायचं. खेळ छान आहे, खेळाला मी नाव ठेवणार नाही. ताईने पहिली बाटली तयार केली आणि विचारलं, कोणावर ट्राय करूया. अक्षयाची आई हसत म्हणाली, "दिशावर मारा आधी, म्हणजे बाकीच्यांना बरं पडेल."

सगळे हसले.

हे दिशाने मला सांगितलं नाही. तिच्या वर्गातल्या श्रुतीने आपल्या आईला सांगितलं. तिची आई दर्शना जिल्हा परिषदेत क्लार्क आहे. तिने मला बाजारात गाठून सांगितलं आणि वर म्हणाली, "नेत्राताई, मला कोणी सांगितलं नसतं तर मला राग आला असता, म्हणून सांगते."

घरी आल्यावर मी दिशाला विचारलं, "तेव्हा तू काय केलंस गो?"

"हसले."

"का हसलीस?"

"सगळे हसत होते ना."

आता ही अक्षयाची आई कोण, ते ऐका. मी मासळी विकते. रत्नागिरीच्या बाजारात माझी पाटी असते, दिशाचा बाप बोटीवर असतो. ही बाई दर रविवारी माझ्याकडून पापलेट नेते. कल्ला उचकटून बघते, डोळा दाबून बघते, "मावशी, ताजं आहे ना?" म्हणून विचारते. मी तिच्याहून लहान असेन. माझ्या हातचा मासा तिच्या पोटात चालतो. माझ्या मुलीच्या फ्रॉकला त्याचा वास असला तर चालत नाही. हा कुठला न्याय, ते कोणी शिकलेल्याने मला समजावून सांगावं. मी दहावी नापास आहे, जरा हळू सांगावं.

येत्या रविवारी पाटीवरच तिचा हिशेब करायचा असं मी ठरवलं होतं. दिशाने ओळखलं.

"आई, तू भांडू नको. माझ्या वाढदिवसाला पण परफ्यूमच करायचं."

"करू. हॉल बघते."

"हॉल नको. आपल्या घरी. सगळ्यांना बोलवायचं. अक्षयाला पण." मग म्हणाली, "आणि वास येतो असं कोणी म्हणणार नाही, असं कर."

एवढंच तिला हवं होतं. केक कुठला, फ्रॉक कुठला, काही नाही. वर्गातली पोरं आपल्या घरात येऊन, बसून, खाऊन, एकदाही नाक न मुरडता परत गेली पाहिजेत. दहा वर्षांची होणारी पोर ही, आणि मागतेय काय.

मग आम्ही घर धुवायला काढलं. जाळी पडवीतून उचलून शेजारच्या रावजीच्या खोपीत टाकली. सुक्या बोंबलाची पिशवी त्यामागोमाग. उंबऱ्यापासून मोरीपर्यंत फिनाइल. दिशाने पडदे धुवायला लावले, वाळल्यावर हुंगले आणि परत धुवायला लावले. मी सगळं केलं आणि करताना स्वतःवरच चिडत गेले. चोर मुद्देमाल लपवतो तसं मी माझं पोट लपवत होते. आणि कोणापासून, तर दर रविवारी तेच विकत नेणाऱ्यांपासून.

सासूबाई, बकुळाबाई, ओट्यावर बसून बघत होत्या. शेवटी त्यांना राहवेना.

"म्हावरा इकून घर बांधलंस. आता घराला वास नको काय?"

"पोरीसाठी चाललंय, आई."

"मग अशान कर. मला नि तुला पन उचल नि रावजीच्या खोपीत टाक. वासाचा मूळच गेला."

बोलण्यात त्यांना आजवर कोणी हरवलेलं नाही.

परफ्यूम कसं करायचं ते मी मोबाइलवर बघून शिकले. लहान पोरांच्या कातडीला स्पिरिट नको, म्हणून तेल घ्यायचं ठरवलं. खोबरेल घरचंच होतं. मार्च महिना, सुरंगी फुललेली. स्टँडजवळ बायका गजरे घेऊन बसतात, त्यांच्यातल्या एकीकडून सुटी फुलं आणली. रुंद पातेल्यात खोबरेल ओतलं, वर फुलं पसरली, फडकं बांधलं. बाजारातल्या अत्तरवाल्या चाचांकडून खस, गुलाब, मोगरा आणि चंदनाच्या बारीक कुप्या आणल्या. चाचा म्हणाले, "बेटी, हे गरमीत ठेवू नको, उडून जातं. थंड जागेत ठेव."

थंड जागा आणायची कुठून? फ्रिजमध्ये केकचं सामान. पातेलं मावेना. मग आमच्यासारख्यांना जे सुचणार तेच सुचलं. मासळीची बर्फाची पेटी. दुसऱ्या कोणाच्या घरात ही अक्कल चालली नसती. पेटी मी सोड्याने घासली, लिंबं चोळली, दिवसभर उन्हात पालथी घातली. मग आत नाक घालून बघितलं. काही नाही. सासूबाईंनी घालून बघितलं. काही नाही. दिशाने तर डोकंच आत घातलं आणि आतूनच म्हणाली, "एकदम क्लीन."

खाली बर्फ, वर पातेलं आणि कुप्या, आणि झाकण बंद.

गारव्याने खोबरेल गोठून पांढरं झालं आणि तसंच राहिलं. गोठलेलं खोबरेल शेजारी जे असेल ते पिऊन घेतं, हे मला नंतर कळलं. त्याने सुरंगी प्यायली आणि पेटीही प्यायली. वाढदिवसाच्या सकाळी तेल बाहेर काढलं, वितळवलं, गाळलं, बाटल्यांत भरलं. घरभर सुरंगी दरवळली. आम्हा तिघींच्या नाकाला तरी.

दुपारचं ऊन उतरलं तरी कोणी आलं नव्हतं. दिशा अंगणाच्या दगडी गडग्यापाशी उभी होती. मी आतून बघत होते आणि मनात आईबापांना शिव्या घालत होते. न आलेल्यांना द्यायच्या शिव्या माझ्याकडे भरपूर आहेत. मग दर्शनाची स्कूटी आली, मागे श्रुती. तिच्या पाठोपाठ रिक्षातून शुभंकर आणि आणखी दोघं-तिघं उतरली. शुभंकर म्हणजे आंबेवाल्यांचा मुलगा, तोंड बंद ठेवणं त्याला जमत नाही. सगळ्यात शेवटी पांढरी गाडी. अक्षया उतरली. तिची आई उतरली नाही. काच अर्धी खाली करून म्हणाली, "संध्याकाळी घ्यायला येते हं."

केक कापला, खाल्ला. मग मी खाली चादर अंथरून सगळं मांडलं. प्रत्येकाला तेलाची एक बाटली, मध्ये अत्तराच्या कुप्या, थेंब टाकायला ड्रॉपर. दिशाने नवा फ्रॉक सावरत सगळ्यांना सांगितलं, "हे तेल सुरंगीचं आहे. माझ्या आईने बनवलंय. यात तुम्हाला पाहिजे ते टाका."

इतकी ताठ बसलेली मी तिला कधी बघितली नव्हती.

"आधी नुसतं तेल लावून बघायचं असतं," अक्षया म्हणाली. तिला अनुभव ना. तिने मनगटावर दोन थेंब टाकले, चोळले, मनगट नाकाशी नेलं. आणि थांबली.

"काकू, यात मासा आहे."

हळूच म्हणाली. खरं सांगायचं तर टोमणा नव्हता. ताटात केस दिसला की माणूस म्हणतं, केस आहे, तसं म्हणाली. पण सगळ्यांनी ऐकलं आणि सगळ्यांनी मनगटं नाकाशी नेली.

मी हुंगलं. मला सुरंगी आली. सासूबाईंनी माझा हात ओढून हुंगला. "खै हाय? सुरंगी हाय नुसती."

श्रुतीबरोबर थांबलेल्या दर्शनाकडे मी बघितलं. तिने बाटली उचलून वास घेतला. तिला खोटं बोलता आलं असतं. दोन शब्दांचं काम होतं.

"आहे, नेत्राताई," ती म्हणाली.

त्या क्षणी मला तिचा राग आला. आता येत नाही.

दिशाने हातातली बाटली खाली ठेवली. रडली नाही, काही नाही. उठली, मागीलदारी गेली आणि दार लोटून घेतलं.

माझ्या तोंडात खोटं तयार होतं. चाचांवर ढकललं असतं. अत्तरात भेसळ आहे म्हटलं असतं. बाजारातल्या मुसलमान म्हाताऱ्यावर काहीही ढकललं तरी उलटून कोणी विचारत नाही, ही सोय मी भल्याभल्यांना वापरताना बघितली आहे. पण मग माझ्यात आणि त्या पांढऱ्या गाडीत काय फरक राहिला?

"हो," मी म्हटलं. "मासाच आहे. तेल मी मासळीच्या पेटीत ठेवलं होतं. पेटी धुतली होती, पण आम्हाला तो वास येतच नाही. आमचं नाक त्यातच वाढलंय. ज्याला नको असेल त्याने पुसून टाका, फडकं देते."

कोणी फडकं मागितलं नाही. मग शुभंकरने परत एकदा मनगट हुंगलं.

"कुठला?" त्याने विचारलं.

"काय कुठला?"

"मासा कुठला? बोंबील ना?"

"हॅट," श्रुती म्हणाली. "कोळंबी आहे."

"कोळंबी मासा नसतो."

"मग काय भाजी असते?"

"मला पापलेट वाटतं," अक्षया म्हणाली.

सासूबाई सरसावून बसल्या. मासळीवर कोणी चुकीचं बोललं की त्यांना गप्प बसवत नाही. "पापलेट? बाय माजे, पापलेटाला असा वास मारायला लागला तर तुजी आवस घेईल काय?"

अक्षयाला ते पटलं. तिने परत हुंगलं. सगळ्यांनी परत हुंगलं. मघाशी ज्या वासाने घर गप्प झालं होतं, त्याच वासात आता पोरं नाकं खुपसून बसली होती. आणि एकाचं एकाशी जुळेना.

"दिशाला विचारा ना," श्रुती म्हणाली. "पेटी तिची आहे."

सगळी उठून मागच्या दाराशी गेली. दिशा माडाच्या बुंध्याला टेकून उभी होती, तोंड खाडीकडे.

"दिशा, कुठला मासा आहे?"

"मला काय माहीत."

"तुमच्या पेटीत कुठला होता?"

ती वळली नाही. मी दारातून बघत होते. या प्रश्नात टोमणा आहे का, ते ती तपासत होती. तिला सवय झालीय तपासायची. पण शुभंकरच्या प्रश्नात टोमणा नव्हता. त्याला पैज जिंकायची होती.

"बांगडा," ती म्हणाली. "खाली मोडोसापण होता. पण तो आता कळणार नाही. बांगडा सगळ्यांना दाबून टाकतो."

"मी बांगडाच म्हणालो होतो," शुभंकर म्हणाला.

"तू बोंबील म्हणालास."

"मनात बांगडा होता."

"आजी, हा बोंबील म्हणाला की नाही?" श्रुती आत धावली. साक्षीपुराव्याचं काम आत चालणार होतं, म्हणून सगळी आत आली. दिशाही आली. भांडणाचा निकाल तिच्या हातात होता, बाहेर राहून कसं चालेल.

निकाल लागला. शुभंकर हरला, मान्य केलं नाही. मग अक्षयाने तिला विचारलं, सरळ, समोर बसून, "तुला खरंच येत नाही वास?"

"नाही."

"असं कसं? एवढा येतो."

"तुला तुझ्या घराचा येतो?"

"आमच्या घराला वासच नाही."

"आहे," शुभंकर म्हणाला. "मी आलोय ना बाबांबरोबर आंब्याची पेटी द्यायला. तुमच्या घराला कापराचा आणि ओल्या कुत्र्याचा वास आहे."

"आमच्या टॉमीला रोज अंघोळ असते."

"म्हणूनच ओला."

अक्षया उखडली. "आणि तुमच्या घराला पेंढ्याचा. आंब्याच्या पेटीतल्या पेंढ्याचा. तू शाळेत पण तसाच वास मारतोस."

"मी?" शुभंकरने आपला शर्ट ओढून हुंगला. "काही नाही येत."

"नाहीच येणार," दिशा म्हणाली. आता ती जाणकार झाली होती. "स्वतःचा कोणाला येत नाही."

मग जी धमाल सुरू झाली ती सांगायला मला आणखी एक तोंड हवं. कोणाच्या घराला कसला वास, यावर पोरं तुटून पडली. एकाच्या घराला औषधांचा, एकीच्या घराला आजोबांच्या तपकिरीचा. श्रुतीच्या घरावर मात्र सगळी अडली. तिच्या घरी कोणी गेलंच नव्हतं. बौद्धवाडी त्यांच्यातल्या निम्म्यांच्या रस्त्यावर पडते, तरी पोरांना घरी 'लांब पडतं' एवढंच सांगितलेलं असतं. बाकीचं मोठी माणसं मोठ्यांसाठी राखून ठेवतात. दर्शना पर्समध्ये काहीतरी शोधायला लागली. तिला काही सापडायचं नव्हतं.

"मी गेलेय," दिशा म्हणाली. "मेणबत्तीचा येतो. आणि पेजेचा. मस्त असतो."

दर्शनाने पर्स बंद केली.

"मग आपण तेच करूया," श्रुती म्हणाली. "आपलं परफ्यूम नको. दुसऱ्याच्या घराचं करूया. आपल्याला आपलं कुठे येतंय."

मोबाइलवरच्या बाईने हे शिकवलं नव्हतं. मी मध्ये पडले नाही. पोरांनी घरं वाटून घेतली. मेणबत्तीचा तुकडा माझ्याकडे होता, कापूर देव्हाऱ्यात. पेंढ्यासाठी शुभंकरने आमच्या कोंबड्यांचं खुराडं उपसलं, कोंबडी ओरडत गडग्यावर. सासूबाई उठल्या, गुडघे दुखतात म्हणून मोरीपर्यंत जायला कुरकुरणाऱ्या सासूबाई, आणि रावजीच्या खोपीतून बोंबलाची पिशवी घेऊनच आल्या. "घ्या. लागंल."

"आमचं घर कोण करणार?" दिशाने विचारलं.

बाकी सगळी घरं वाटून झाली होती. हिचं मागे राहिलं होतं. मला परत भीती वाटली.

"मी करते," अक्षया म्हणाली. "मलाच आधी कळलं होतं."

उपकार म्हणून नाही. वर्गात पहिली येणाऱ्या पोरीचा हट्ट तो. मला तो उपकारापेक्षा बरा वाटला. ती दिशाच्या शेजारी मांडी घालून बसली आणि कामाला लागली. दिशा तिला सूचना देत होती, आणि सूचना देताना मागेपुढे बघत नव्हती.

"बोंबील एवढा नको. तुकडा टाक."

"मला दारातून शिरताना एवढा आला होता."

"तो फिनाइलचा आला असेल. खरं घर करायचं तर फिनाइल नाही घालायचं. सुरंगीपण जास्त आहे. आमच्याकडे सुरंगी रोज नसते."

"मग काय असतं?"

दिशाने विचार केला. "चुलीची राख घाल. आणि खस. खाडी येते ना मागून, तिच्यासाठी."

बाटली तयार झाल्यावर अक्षयाने माझ्या नाकाखाली धरली. मी दीर्घ श्वास घेतला. मला फक्त खस आली. "बरोबर?" तिने विचारलं. मी म्हटलं, "मला नको विचारू, त्यांना विचार." सगळ्यांनी हुंगून सांगितलं, बरोबर. शुभंकर म्हणाला, "डोळे मिटले तर दाराशी उभं असल्यासारखं वाटतं."

दिशाची बाटली मात्र रिकामीच होती. तिच्या वाट्याला अक्षयाचं घर आलं होतं.

संध्याकाळी पांढरी गाडी आली, हॉर्न वाजला. अक्षया हलली नाही. परत हॉर्न. शेवटी तिच्या आईला उतरावंच लागलं. रुमाल हातात, गडग्यावरून उडी मारणारी कोंबडी चुकवत ती अंगणात आली. खोबरेल, राख, कापूर, पेंढा आणि बोंबील अशा राड्यात तिची मुलगी बसलेली.

"मावशी," ती म्हणाली आणि थांबली. पाटीसमोर मी मावशी होते. माझ्या अंगणात काय म्हणायचं ते तिला सुचेना. "छान झाला का कार्यक्रम? आणि... आलेच आहे तर, आज काही ताजं...?"

"आज धंदा बंद," मी म्हटलं. "घरात वाढदिवस आहे."

अक्षयाने बाटली तिच्या नाकाशी नेली. "आई, हे दिशाचं घर. मी केलंय. बरोबर आहे ना?"

बाईने वास घेतला. तिचा चेहरा कसा झाला ते मी मन भरून बघितलं.

"अगं, काय हे."

"बरोबर आहे का ते सांग ना."

मुलगी वाट बघत होती. तिच्या मागे सगळी पोरं. बाईने परत वास घेतला, यावेळी रुमाल बाजूला ठेवून.

"बरोबर आहे," ती म्हणाली.

तेवढ्यात दिशा पुढे आली, रिकामी बाटली हातात धरून.

"काकू, मला तुमचं घर आलंय. पण मी ते बघितलंच नाही. तेव्हा हॉलमध्ये होतं ना सगळं. मी कधी येऊ वास घ्यायला?"

इतकं साधं विचारलं तिने. बाईने माझ्याकडे बघितलं, मी काही बोलेन म्हणून. दर रविवारी भाव करताना मी बोलते ते पुरे आहे.

"शनिवारी ये," अक्षयाच म्हणाली. "शनिवारी शाळा लवकर सुटते."

"ये," तिची आई म्हणाली. मग तो 'ये' तिला स्वतःलाच कोरडा वाटला असावा. परत म्हणाली, "शनिवारी जेवायलाच ये."

मी तिला माफ केलेलं नाही, ते माझं आणि तिचं बघून घेऊ. पण गाडी वळून गेली तेव्हा दिशा गडग्यापाशी उभी होती आणि आतून अक्षया तिला हात करत होती.

आम्ही दोघी आवरायला बसलो. चादर झटकताना माझ्या तोंडून सवयीने गेलं, "शनिवारी जाशील तेव्हा नीट साबण लावून जा हां."

दिशाने माझ्याकडे बघितलं, काहीतरी खुळं बोलल्यासारखं.

"कशाला? मी त्यांचा वास घ्यायला चाललेय. ते माझा नाही."